पदवीचा विद्यार्थी, बाटलीतील माशी आणि आपली बाग

(सटाणा येथे शेतकरी, पालक व विज्ञान शाखेचे विद्यार्थी यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



डाळिंबाच्या बहाराचे नियोजन, द्राक्षाची छाटणी, कांद्याची साठवण अशा विषयांवरची भाषणे आपण नेहमी ऐकता. आज मात्र मी महाविद्यालयात जीवशास्त्र कसे शिकवावे, या विषयावर बोलणार आहे. शेतकऱ्यांपुढे हा विषय कशाला, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. त्याचे उत्तर आपल्या घरातच आहे. बागलाण तालुक्यातील कितीतरी शेतकरी कुटुंबांतील मुले-मुली आज बी.एस्सी.चे शिक्षण घेत आहेत. सटाण्यात मराठा विद्या प्रसारक समाजाचे महाविद्यालय आहे, तेथे विज्ञान शाखा आहे. काही मुले मालेगाव, नाशिकपर्यंत जातात. त्यांची फी, पास आणि पुस्तके यांचा खर्च कांद्याच्या पट्टीतून आणि डाळिंबाच्या पैशांतून होतो.

मुलगा किंवा मुलगी पदवी घेऊन घरी येते, तेव्हा बागेत प्रश्न उभेच असतात. फळावर तेल्याचे डाग दिसतात, चांगले झाड मर रोगाने वाळू लागते, मुळांवर सूत्रकृमींच्या गाठी सापडतात. कोणी सांगेल ते औषध आणून आपण फवारतो. घरात जीवशास्त्राचा पदवीधर असूनही या प्रश्नाची उकल कोठून सुरू करावी हे त्याला सांगता येत नाही. त्याने प्रयोगवहीत आकृत्या सुबक काढलेल्या असतात, नावे पाठ केलेली असतात. परंतु ज्याचे उत्तर पुस्तकाच्या मागे छापलेले नाही, असा प्रश्न तीन वर्षांत एकदाही त्याच्यापुढे आलेला नसतो. यात मुलाचा दोष नाही. पन्नास-साठ मुलांची तुकडी सांभाळून अभ्यासक्रम संपवणाऱ्या शिक्षकाचाही नाही. शिकवण्याची रीतच तशी पडून गेली आहे.

ही रीत बदलता येते आणि त्यासाठी मोठी इमारत किंवा लाखोंची यंत्रे लागत नाहीत. विद्यार्थ्याच्या हाती एक लहानसा जिवंत जीव द्यावा, तो वाढवायला शिकवावे आणि त्याच्याबद्दलचा एक खरा प्रश्न सोडवायला लावावा. शिक्षण आणि संशोधन एकाच बाटलीत कसे चालते, हे आज आपण पाहू.

नमुना-जीव म्हणजे काय?

शितावरून भाताची परीक्षा करावी, असे आपण म्हणतो. जीवशास्त्रातही तसेच करतात. सर्व सजीवांचा अभ्यास एकाच वेळी करणे शक्य नसते. म्हणून शास्त्रज्ञ काही थोडे जीव निवडतात. जो जीव लहान आहे, स्वस्तात वाढतो, ज्याची पिढी लवकर पूर्ण होते आणि ज्याच्याविषयी आधीच पुष्कळ माहिती जमा आहे, असा जीव ते घेतात. त्याला इंग्रजीत मॉडेल म्हणतात. आपण त्याला नमुना-जीव म्हणू.

सर्वांत प्रसिद्ध नमुना-जीव म्हणजे ड्रोसोफिला ही माशी. आपण तिला चिलट म्हणतो. जास्त पिकलेल्या केळ्यावर किंवा तडकलेल्या डाळिंबावर घोंगावणारी, लाल डोळ्यांची, दोन-तीन मिलिमीटर लांबीची ही माशी आपल्या रोजच्या पाहण्यातली आहे. सुमारे २५ अंश सेल्सिअस तापमानात अंड्यापासून माशी तयार व्हायला साधारण दहा दिवस लागतात. तिच्या पेशीत गुणसूत्रांच्या फक्त चार जोड्या असतात.

येथे एक घोटाळा टाळावा. आपल्या बागेत आणि वेलभाज्यांत नुकसान करणारी फळमाशी वेगळी. ती बॅक्ट्रोसेरा गटातील असून चांगल्या फळाची साल टोचून आत अंडी घालते. तिच्या नरांसाठी आपण गंधाचे सापळे लावतो. बाटलीत वाढवायचे चिलट मात्र बहुधा आंबलेल्या किंवा फुटलेल्या फळावर येते. दोघींनाही लोक फळमाशीच म्हणतात, म्हणून हा फरक विद्यार्थ्यांनी पहिल्याच दिवशी शिकावा.

दुसरा नमुना-जीव म्हणजे सी. एलिगन्स नावाचा सूत्रकृमी. तो जेमतेम एक मिलिमीटर लांब व पारदर्शक असतो. कुजणाऱ्या फळांवर आणि कुजलेल्या काडीकचऱ्यात तो राहतो आणि जिवाणू खातो. त्याची पिढी तीन-चार दिवसांत पूर्ण होते. पूर्ण वाढलेल्या उभयलिंगी कृमीच्या शरीरात, जननपेशी सोडून, ९५९ पेशी असतात आणि त्यांतील प्रत्येक पेशी कोठून आली हे शास्त्रज्ञांनी शोधून काढले आहे. या कृमीवरील कामासाठी ब्रेनर, हॉर्विट्झ आणि सल्स्टन यांना २००२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. याशिवाय तळ्यातील पाणपिसू म्हणजे डॅफ्निया, हायड्रा आणि आपल्या ओळखीचे गांडूळ हेही अशा कामासाठी उपयोगी पडतात.

शेतकऱ्याच्या मुलाने काढलेला नकाशा

पदवीचे विद्यार्थी काय संशोधन करणार, असे काही जण विचारतील. त्यांच्यासाठी शंभर वर्षांहून जुनी एक खरी हकिकत सांगतो.

अमेरिकेत न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात टॉमस हंट मॉर्गन नावाचे प्राध्यापक होते. १९१० साली त्यांच्या बाटल्यांत लाल डोळ्यांच्या माश्यांमध्ये पांढऱ्या डोळ्यांचा एक नर सापडला आणि आनुवंशिकतेच्या अभ्यासाला नवी दिशा मिळाली. त्यांची प्रयोगशाळा सोळा फूट रुंद व तेवीस फूट लांब एवढीच होती. माश्या दुधाच्या बाटल्यांत ठेवत आणि त्यांना केळी खायला घालत.

त्या खोलीत आल्फ्रेड स्टर्टेव्हंट हा पदवीचा विद्यार्थी काम करीत असे. त्याचे बालपण अलाबामा राज्यात वडिलांच्या शेतावर गेले. घरच्या घोड्यांच्या वंशावळी लिहून ठेवण्याचा त्याला नाद होता. कोणत्या रंगाच्या घोडीला कोणत्या रंगाचे शिंगरू होते, याचा हिशेब त्याने मांडला आणि भीत भीत मॉर्गन यांना दाखवला. मॉर्गन यांनी तो छापायला लावला आणि मुलाला माश्यांच्या खोलीत बसायला टेबल दिले. १९११ च्या अखेरीस, अजून पदवी हातात नसताना, या मुलाने माश्यांच्या संकरांचे आकडे घरी नेले आणि रात्र जागून गुणसूत्रावरील जनुकांचा जगातील पहिला नकाशा तयार केला. तो १९१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात सहा गुणांचा विचार होता. आज पिकांचे नवे वाण काढताना जनुकांचे जे नकाशे वापरतात, त्यांची सुरुवात त्या रात्री झाली.

त्याच खोलीतील दुसरा विद्यार्थी कॅल्व्हिन ब्रिजेस. तो बाटल्या धुण्याच्या कामावर होता. बाटलीच्या जाड काचेतून त्याला वेगळ्या रंगाच्या डोळ्यांची माशी दिसली आणि त्याची बढती झाली, असे सांगतात. पुढे तोही मोठा शास्त्रज्ञ झाला. मॉर्गन यांना १९३३ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

या हकिकतीतून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. स्टर्टेव्हंटला शेतावर नोंदी ठेवण्याची सवय होती आणि शिक्षकाने त्या नोंदीला किंमत दिली. आपल्या घरी गाय-म्हैस कधी व्याली, कोणत्या वळूची कालवड आहे, हे आजीला तोंडपाठ असते. हीच सवय वहीत उतरली तर तो विज्ञानाचा पाया होतो.

मुंबईत झालेले काम

आपल्या राज्यातही या कामाची परंपरा आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. ओबैद सिद्दिकी यांनी १९६२ पासून रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग उभा केला. त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. वेरोनिका रॉड्रिग्ज यांनी ड्रोसोफिला माशी वास आणि चव कशी ओळखते यावर काम केले. वास किंवा चव नीट न ओळखणाऱ्या माश्या त्यांनी शोधून काढल्या आणि १९७८ साली या दोघांचा शोधनिबंध भारतातील नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

याच संस्थेचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ मध्ये सुरू झाले. ते मानखुर्दला आहे. या केंद्रात प्रा. एम. सी. अरुणन आणि जी. नागार्जुन यांच्या पुढाकाराने पदवीच्या जीवशास्त्रासाठी एक उपक्रम सुरू झाला. त्याचे नाव क्यूब. एकमेकांच्या सहकार्याने पदवीचे जीवशास्त्र शिकणे, असा त्याच्या पूर्ण इंग्रजी नावाचा अर्थ होतो. प्रा. अरुणन हे मुंबईच्या सोफिया महाविद्यालयात शिकवत असत.

या उपक्रमात विद्यार्थी केळ्याचा तुकडा ठेवून माश्या पकडतात, डबक्यातून पाणपिसवा आणतात, मातीतून सूत्रकृमी वेगळे करतात आणि ते बाटल्यांत व बश्यांत वाढवतात. स्वस्त साहित्य वापरतात. पहिला प्रश्न असतो की हा जीव कोणता आणि तो आपल्याकडे जिवंत कसा राहील? त्यातून पुढचे प्रश्न निघतात. अळीला कोणता वास आवडतो? पाणी तापले की पाणपिसवेच्या हृदयाचे ठोके किती वाढतात? गांडुळाचा तुटलेला भाग पुन्हा वाढतो का आणि किती दिवसांत? एका महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी केलेले काम दुसरे विद्यार्थी करून पाहतात आणि एकमेकांना प्रश्न विचारतात. २०२० साली टाळेबंदीत महाविद्यालये बंद झाली, तेव्हा अनेक विद्यार्थ्यांनी आपल्या घरातच अशी छोटी प्रयोगशाळा मांडली.

बागलाणच्या शेतकऱ्याला ही सहकार्याची पद्धत समजावून सांगायची गरज नाही. आपल्याकडे आरम-मोसमच्या खोऱ्यात फड पद्धत आहे. बंधारा सर्वांचा, एका फडात एक पीक, पाणी पाटकऱ्याच्या हातून पाळीने. पाट फुटला तर तो दुरुस्त करणे ही सगळ्यांची जबाबदारी. एकाच जीवावर चार महाविद्यालयांनी एकच प्रयोग करावा, आकडे एकत्र ठेवावेत आणि कोणाचे आकडे जुळले नाहीत तर सगळ्यांनी मिळून कारण शोधावे, हा विज्ञानातला फडच होय.

आताच ही संधी का?

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये प्राण्यांचे विच्छेदन कमी करण्याच्या सूचना दिल्या आणि २०१४ मध्ये ते बंद करण्यास सांगितले. बेडूक फाडण्याचा तास संपला. त्या जागी तक्ते आणि चित्रफिती आल्या. मेलेल्या प्राण्याची जागा चित्राने घेण्याऐवजी ती लहान जिवंत जीवाने घेतली तर विद्यार्थ्याचा अधिक फायदा आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार चार वर्षांच्या पदवीत संशोधनाला जागा आहे आणि आपल्या राज्याच्या नव्या रचनेत क्षेत्र प्रकल्पाला श्रेयांक मिळतात. म्हणजे हे काम अभ्यासक्रमाबाहेरचे म्हणून सोडून देण्याचे कारण उरलेले नाही. हे प्रकल्प दुसऱ्याच्या वहीतून उतरवून काढायचे की खरे करायचे, एवढाच प्रश्न आहे.

सुरुवात कशी करावी?

विद्यार्थी मित्रांनो, आता प्रत्यक्ष कृती सांगतो.

१) रुंद तोंडाची काचेची स्वच्छ बाटली घ्यावी. तीत पिकलेल्या केळ्याचा तुकडा ठेवून बाटली सावलीत, फळांच्या टोपलीजवळ ठेवावी. एक-दोन दिवसांत चिलटे येतात. मग कापसाचा बोळा किंवा दाट विणीचे कापड लावून तोंड बंद करावे.

२) पुढील पिढ्यांसाठी खाद्य तयार करावे. एक लिटर पाण्याला १०० ग्रॅम गूळ, १०० ग्रॅम रवा आणि १० ग्रॅम अगर घेऊन शिजवावे. थोडे निवल्यावर बुरशी येऊ नये म्हणून सुमारे ७ मि.लि. प्रोपिऑनिक आम्ल शिक्षकांच्या देखरेखीखाली मिसळावे. बाटल्यांत ओतून गार झाल्यावर वर थोडे यीस्ट टाकावे.

३) पकडलेल्या सर्व माश्या एकाच जातीच्या नसतात. डोक्यावर व पाठीवर पांढरे पट्टे असलेली माशी झॅप्रिओनस गटातील असते. ती वेगळी करावी. बाटली काही मिनिटे बर्फात ठेवली की माश्या गुंगतात, तेवढ्यात भिंगाखाली पाहून घ्यावे. नर आकाराने लहान असतो व त्याच्या पोटाचे टोक काळे आणि गोल असते. मादी मोठी असून तिचे पोट टोकदार व पट्ट्यांचे असते.

४) तापमान सांभाळावे. तीस अंशांच्या वर गेल्यास नर नापीक होऊ लागतात आणि पुढील पिढी मिळत नाही. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकतो. अशा वेळी बाटल्या माठाशेजारी, ओल्या गोणपाटाच्या आडोशाला ठेवाव्यात आणि तापमान रोज लिहावे. पहिल्या वर्षी मोठे प्रयोग पावसाळा व हिवाळ्यातच घ्यावेत.

५) काम झालेल्या बाटल्या उघड्यावर फेकू नयेत. त्यांत उकळते पाणी ओतून मगच धुवाव्यात.

ज्या विद्यार्थिनींना संध्याकाळी गावाकडची एस.टी. गाठायची असते, त्यांना प्रयोगशाळेत उशिरापर्यंत थांबता येत नाही. माशी मात्र वेळापत्रक पाहून कोशातून बाहेर पडत नाही. अशा वेळी बाटली घरी न्यायला परवानगी द्यावी. दिवाळीच्या सुट्टीतही बाटल्या घरोघरी वाटून द्याव्यात, म्हणजे नोंदीत खंड पडत नाही.

प्रयोग कसा मांडावा?

एक साधे उदाहरण घेऊ. पाच टक्के निंबोळी अर्काचा ड्रोसोफिलाच्या वाढीवर काय परिणाम होतो, हे पाहायचे आहे. सारख्या खाद्याच्या दहा बाटल्या घ्याव्यात. चिठ्ठ्या टाकून पाच बाटल्या वेगळ्या काढाव्यात आणि त्यांत ठरावीक प्रमाणात अर्क मिसळावा. उरलेल्या पाच बाटल्यांत तेवढेच साधे पाणी मिसळावे. प्रत्येक बाटलीत पाच नर व पाच माद्या सोडाव्यात. तीन दिवसांनी त्या काढून टाकाव्यात. त्यानंतर अठराव्या दिवसापर्यंत बाहेर पडणाऱ्या माश्या रोज मोजाव्यात. मोजणाऱ्याला कोणत्या बाटलीत काय आहे हे सांगू नये, नाहीतर मनात असेल तेच डोळ्यांना दिसते. सर्व आकडे शाईने त्याच दिवशी लिहावेत. न जुळणारा आकडा खोडू नये. पुढच्या महिन्यात दुसऱ्या विद्यार्थ्याने हाच प्रयोग पुन्हा करावा.

यात चार गोष्टी आल्या. तुलनेचा गट ठेवणे, चिठ्ठ्या टाकून निवड करणे, मोजणे आणि पुन्हा करून पाहणे. त्या जमल्या की विद्यार्थी संशोधन करायला शिकला असे समजावे.

बाटलीतून बागेकडे

आता शेतकरी बंधूंनी विचार करावा. नवे औषध किंवा नवे टॉनिक आले की आपण ते संपूर्ण बागेवर मारतो. आठ दिवसांत तेल्याचे डाग वाढायचे थांबले तर औषधाचा गुण आला, असे म्हणतो. पण तेल्या हा जिवाणूजन्य रोग आहे आणि तो पाऊस व दमट हवेत बळावतो. त्याच आठवड्यात पाऊस उघडून ऊन पडले असेल, तर गुण औषधाचा की उन्हाचा हे कसे कळणार? तुलनेची ओळ नसेल तर कधीच कळत नाही. पैसे मात्र दरवर्षी जातात.

हीच गोष्ट बाटलीतली तुलना शिकलेली मुलगी आपल्याला सांगू शकेल. ती म्हणेल, दादा, शिफारशीप्रमाणे फवारणी सगळ्या बागेला करा. नवे टॉनिक मात्र चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या चार ओळींनाच द्या. पंधरा दिवसांनी दोन्हीकडची शंभर-शंभर फळे मी मोजते. तेल्या पसरणारा रोग असल्यामुळे कोणतीही ओळ संरक्षणाविना ठेवायची नाही, हेही तिला समजलेले असेल. एका हंगामाच्या अशा नोंदीने निदान निरुपयोगी खर्च कोणता, हे तरी ध्यानात येऊ लागते.

दुसरे उदाहरण सूत्रकृमींचे. डाळिंबाच्या मुळांवर गाठी करणारा सूत्रकृमी आणि प्रयोगशाळेतील सी. एलिगन्स हे एकाच मोठ्या कुळातील आहेत. फरक तोंडात आहे. मुळांना त्रास देणाऱ्या कृमीच्या तोंडात सुईसारखा अवयव असतो, तो मुळात खुपसून कृमी रस शोषतो. जिवाणू खाणाऱ्या सी. एलिगन्सला अशी सुई नसते. ज्या विद्यार्थ्याने सहा महिने सी. एलिगन्स पाहिला आहे, त्याला सूक्ष्मदर्शकाखाली ही सुई ओळखायला वेळ लागत नाही.

त्यासाठी मातीतून कृमी वेगळे काढण्याची बेरमन पद्धत सोपी आहे. नरसाळ्याच्या नळीला रबरी नळी जोडून ती चिमट्याने बंद करावी आणि नरसाळ्यात पाणी भरावे. वर जाळी ठेवून तिच्यावर टिश्यू कागदात सुमारे १०० ग्रॅम ओली माती, पाण्याला टेकेल अशी ठेवावी. कृमी हालचाल करीत पाण्यात उतरतात आणि तळाशी जमतात. एक-दोन दिवसांनी खालचे थोडे पाणी काढून तपासावे. मातीचा नमुना चार-पाच झाडांच्या मुळांजवळून, वरचा थर बाजूला करून घ्यावा. तो उन्हात वाळवू नये. वाळलेल्या मातीत या पद्धतीने कृमी नीट मिळत नाहीत.

तिसरे उदाहरण पाण्याचे. फवारणी पंप धुतलेले पाणी ओढ्यात किंवा शेततळ्याजवळ ओतण्याची सवय अनेकांना आहे. पाणपिसू ही कीटकनाशकांना फार संवेदनशील असते, म्हणून पाण्याची विषारीपणाची चाचणी घेण्यासाठी ती जगभर वापरतात. ४८ तासांत किती पिसवांची हालचाल थांबली, हे त्यात मोजतात. विद्यार्थ्यांनी आपल्या गावच्या पाण्याचे नमुने अशा रीतीने तपासले तर गावालाही त्याचा बोध होईल. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत डॉ. सुरेंद्र घासकडबी यांनी हायड्रावर दीर्घकाळ काम केले आहे. हायड्राही तांब्यासारख्या धातूंना संवेदनशील असतो. बोर्डो मिश्रण वापरणाऱ्या आपल्या भागात हा अभ्यासाचा चांगला विषय ठरेल.

मर्यादा ओळखाव्यात

शितावरून भाताची परीक्षा होते, पण भाकरीची होत नाही. माशीवर जो परिणाम दिसला तो फुलकिड्यांवर दिसेलच असे नाही आणि बाटलीत जे घडले ते बागेत घडेलच असेही नाही. विद्यार्थ्यांच्या प्रयोगावरून कोणीही औषधाची शिफारस करू नये. शिफारस ही कृषि विद्यापीठाच्या अनेक ठिकाणच्या व अनेक हंगामांच्या चाचण्यांनंतरच होते. डाळिंबासाठी सोलापूर येथे २००५ पासून राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. रोगाची खात्री करून घेण्यासाठी तेथील किंवा विद्यापीठाच्या तज्ज्ञांचाच सल्ला घ्यावा. विद्यार्थ्याचे काम प्रश्न नेमका करण्याचे आणि नोंदी ठेवण्याचे आहे. तेवढे जरी झाले तरी तज्ज्ञांचे काम सोपे होते.

अडचणीही आहेत. शिक्षकांवर तासांचा भार आहे, परीक्षेत अजूनही पाठांतराला गुण आहेत आणि प्रयोग फसला की विद्यार्थी नाराज होतात. म्हणून एकदम साऱ्या वर्गावर हा भार टाकू नये. पहिल्या वर्षी स्वेच्छेने पुढे येणारी आठ-दहा मुले घ्यावीत, एकच जीव घ्यावा आणि एकच प्रश्न घ्यावा. फसलेला प्रयोग प्रामाणिकपणे लिहिला असेल तर त्याला पूर्ण गुण द्यावेत. गुण केवळ बरोबर उत्तराला दिले तर मुले आकडे बनवायला शिकतात.

पालक आणि शेतकऱ्यांनी काय करावे?

याने नोकरी मिळेल का, असे पालक विचारतात, आणि त्यांचे विचारणे योग्य आहे. नोकरीची हमी कोणत्याच शिक्षणात नाही. परंतु पुढे एम.एस्सी.ला किंवा संशोधन संस्थेत मुलाखतीला गेल्यावर, तू स्वतः काय केलेस, हा प्रश्न येतो. तेव्हा स्वतःच्या आकड्यांची वही उपयोगी पडते. माती तपासणी, ऊतिसंवर्धन, गांडूळखत, रोपवाटिका या कामांत हाताला सवय आणि नोंदीची शिस्त लागते. आणि मूल शेतीतच राहिले, तर त्याचा लाभ आपल्याच बागेला होतो.

आपण तीन गोष्टी कराव्यात. पहिली, मुलाने बाटलीत चिलटे आणली तर ती बाहेर फेकू नका, ती कशासाठी आहेत ते त्याला विचारा. दुसरी, आपले प्रश्न महाविद्यालयात पाठवा. कोणत्या भागात झाडे आधी वाळली, कोणत्या तळ्याचे पाणी बदलले, हे आपल्यालाच ठाऊक असते. तिसरी, नमुन्यासाठी माती, कुजलेली फळे आणि चार झाडांची ओळ द्या. यात पैसे जात नाहीत.

शिक्षक बंधू-भगिनींना विनंती अशी की, येत्या सत्रात एक कपाट, वीस बाटल्या आणि एक सूक्ष्मदर्शक एवढ्यावर सुरुवात करावी. शेजारच्या एखाद्या महाविद्यालयाला सोबत घ्यावे. वर्षाच्या शेवटी विद्यार्थ्यांनी आपले आकडे गावात येऊन शेतकऱ्यांपुढे वाचून दाखवावेत. शेतकऱ्याने उलट प्रश्न विचारला आणि विद्यार्थ्याला उत्तर आले नाही, तर तोच पुढील वर्षाचा प्रयोग समजावा.

विद्यार्थ्यांना बाटलीविषयी आणि शेतकऱ्यांना मातीच्या नमुन्याविषयी काही शंका असतील तर आता विचाराव्यात.